मालूबाईची जाऊ

निंबोला
९ फेब्रुवारी २०२५

चि. मंगलाला मोठ्या जावेचा आशीर्वाद.

आशीर्वाद देऊन झाला, आता रागावते. संक्रांत होऊन महिना होत आला आणि तुझं तोंड दिसलं नाही. बुऱ्हाणपूर काय विलायतेत आहे? बसगाड्या आहेत, रिक्षा आहेत, आणि काहीच नसलं तर केळीचे ट्रक आहेत. पण वसंतभाऊजी गेल्यापासून तू निंबोल्याचा रस्ताच विसरलीस. चार वर्षांत दोनदा आलीस. एकदा लग्नाला आणि एकदा दहाव्याला, दोन्ही वेळा जेवलीस आणि पदराला हात पुसत बस पकडलीस.

फोन का करत नाही म्हणशील. जीवन फोन स्पीकरवर लावतो, माझ्या कानांसाठी म्हणे. मग आपण दोघी जावा काय बोलतो ते ओट्यावर बसलेला कडू दूधवालासुद्धा ऐकतो आणि मधे हुंकार देतो. त्यापेक्षा हे बरं. चौथीपर्यंत शिकले ते कुठंतरी कामाला येऊ दे. कडू रोज तुझ्याच गल्लीत दूध घालतो, चिठ्ठी त्याच्या पिशवीत टाकत जाईन.

इकडं सगळं बरं आहे. जीवन केळीत अडकलेला असतो. कविता म्हणजे सूनबाई, तिची कंबर धरली आहे पण तोंड मोकळं आहे. चंदन दहावीला आहे, म्हणजे आम्ही सगळे दहावीला आहोत. भूमिका तिच्या भावाच्या दुप्पट हुशार आणि तिप्पट आगाऊ.

भरिताची वांगी आता हंगामात आहेत. कापसाच्या काड्यांवर भाजून देते, दोन दिवस ये. आणि येताना तुझं आधार कार्ड आण. कंट्रोलच्या धान्याच्या दुकानात घरातल्या सगळ्यांचे अंगठे पुन्हा घेत आहेत. कागदाचं काम आहे, दोन मिनिटांचं. तुला त्यातलं काही समजून घ्यायची गरज नाही, मलाही समजलेलं नाही.

कडूबरोबर कुरडया आणि शेवया पाठवल्या आहेत. मागच्या महिन्यासारख्या उंदरांना घालू नकोस.

तुझी,
भागाबाई

*

बुऱ्हाणपूर
१४ फेब्रुवारी २०२५

मोठ्याबाईंना लांबूनच नमस्कार. वाकून करायचा होता, पण गुडघे ऐकत नाहीत.

शेवया पोचल्या. मागच्या महिन्यातल्या उंदरांनी नव्हे, मीच संपवल्या होत्या. तुम्हाला तेवढंही खरं वाटत नाही, हा माझ्या नशिबाचा भाग.

मी मजेत आहे. स्वप्निलचा सुरतेहून रविवारी फोन येतो, सून मोनाली 'मम्मी, तब्येत संभालो' म्हणते आणि मी संभाळते. तिकडं यायला मला सवड कुठली? इथं राजघाटाच्या रस्त्यावर एक अन्नसेवा मंडळ आहे. एकट्यादुकट्या माणसांना दुपारचं जेवण देतात, फुकट. मी तिथं वाढायला जाते. तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण पुण्याचं काम बोलून दाखवू नये म्हणतात. साठ-सत्तर पानं उठतात. एक वामन मास्तर आहेत, खाजगी शाळेतले. त्यांना रोज वरणात मीठ कमी लागतं, आणि मीठ दिलं की जास्त होतं. एक सोजरबाई आहेत, त्या 'माझं पथ्य आहे' म्हणून भात नको म्हणतात आणि मग शेजारणीचा खातात. दिवस कसा जातो कळत नाही.

पण आज एका अडचणीसाठी लिहिते आहे. माझी नाही, आमच्या मालूबाईची. ती तिथं जेवायला येते. चांगल्या घरची आहे. नवरा कापडाच्या कारखान्यात टाइमकीपर होता, आता नाही. हातात भाजीची पिशवी घेऊन येते, म्हणजे कुणी भेटलंच तर बाजारात चालले असं म्हणता यावं. बसते सगळ्यात मागच्या रांगेत, भिंतीकडं तोंड करून.

आता एक एप्रिलपासून मंडळाचा हॉल लग्नांसाठी जाणार. दोन महिने स्वयंपाक बंद. म्हणून मालूबाई वॉर्डातल्या कचेरीत गेली, की मला कंट्रोलचं धान्य सुरू करून द्या. तिथल्या बाबूने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाला, "अम्मा, आपका नाम तो गाँव में चालू है. हर महीने राशन उठ रहा है." मालूबाई बघतच राहिली. गावाकडं तिची थोरली जाऊ असते. तिच्या घरच्या कार्डावर हिचं नाव तसंच राहिलंय, आणि हिच्या नावाचा गहू-तांदूळ दर महिन्याला तिकडं जातो. एक नाव दोन ठिकाणी चालत नाही. म्हणजे तिकडून नाव निघेपर्यंत हिला इथं दाणा नाही.

तुम्ही थोरल्या आहात, चार माणसांचं बघितलेल्या आहात. मालूबाईने काय करावं?

भरीत माझ्या वाटणीचं तुम्हीच खा.

तुमची,
मंगला

*

निंबोला
१७ फेब्रुवारी २०२५

मंगला,

तुझी चिठ्ठी वाचून माझं डोकं सणकलं. काल दिवसभर सणकलेलंच होतं.

कोण ती मालूबाईची जाऊ? कुठल्या गावची? रावेराकडची असेल, तिकडच्या बायका हाताला घट्ट. तिला माझ्यासमोर आणून उभी कर. विधवा जावेच्या तोंडचा घास काढून घेते, आणि वर गावात मोठेपणा मिरवत असेल! देवाला नैवेद्य दाखवताना हात कसा थरथरत नाही म्हणते मी. एवढी वर्षं झाली, एकदा तरी विचारायला नको का की बाई, तू जेवतेस का?

तू मालूबाईला माझं नाव घेऊन सांग. भीड धरू नको म्हणावं. सरळ त्या जावेला पत्र लिही, चांगलं झणझणीत. माझा गहू मला दे नाहीतर माझं नाव मोकळं कर, एवढंच लिही. तरी ऐकलं नाही तर मला कळव. जीवनला घेऊन मी स्वतः जाईन. असल्या बायकांना चारचौघांत बोलल्याशिवाय जाग येत नाही.

आणि त्या मालूबाईलाही माझ्याकडून एक धपाटा घाल. भिंतीकडं तोंड करून कशाला जेवते? तिने कुणाचं चोरलंय? तोंड लपवायचं तर त्या जावेनं लपवावं.

तू वाढायला जातेस हे ऐकून मला फार बरं वाटलं. आमच्या घरच्या बाईला शोभतं ते. मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं.

अंगठ्याचं विसरू नकोस. महिनाअखेरपर्यंतच मुदत आहे असं कंट्रोलचा सेल्समन म्हणतो.

तुझी,
भागाबाई

*

निंबोला
२० फेब्रुवारी २०२५

मंगला,

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहिते आहे.

काल जेवताना मी मालूबाईची गोष्ट सगळ्यांना सांगितली. त्या जावेला मी काय काय म्हटलं तेही सांगितलं, अगदी हातवारे करून. कविता भाकरी थापत होती, ती थापायची थांबली. जीवन ताटात बघायला लागला. मी म्हटलं, काय झालं रे? तर कविता म्हणते, "आई, टाइमकीपर तर आपले वसंतकाका होते ना? ती मालूबाई म्हणजे आपली काकूच आहे." आणि भूमिका, ती आगाऊ कार्टी, मोठ्यानं म्हणाली, "म्हणजे दादी, ती जाऊ तूच!"

मी ताटावरून उठले आणि गोठ्यात जाऊन बसले. आपल्या गोठ्यात आता म्हैस नाही हे तुला माहीत आहे, नुसतंच बसले.

आता ऐक. मला राग आला आहे. सरळ लिहायचं सोडून मला खेळवलंस? मला शिव्या द्यायच्या होत्या तर स्वतः द्यायच्या, माझ्याच हातून मला का देववल्यास?

आणि दुसरं. जीवन म्हणतो, "काकूले नाव काढाचं आहे म्हणजे वेगळं निघाचं आहे. आज कार्ड वेगळं, उद्या वावराचा हिस्सा मागतीन." मी त्याला गप्प केलं, पण माझ्याही मनात ते आलंच. आपल्या सासऱ्यांनी काय सांगितलं होतं? चुली दोन झाल्या तरी चालतील, कार्ड एकच राहू द्या. कार्ड फुटलं की घर फुटलं असं गावात मानतात, तू इथं वीस वर्षं राहिलीस, तुला काही नवीन नाही. तू शहरात गेलीस, तुझा मुलगा सुरतेला कमावतो, तुला कंट्रोलच्या गव्हाची काय गरज? त्या दोन एकर केळीवर तुझा डोळा असेल तर तसं स्पष्ट लिही.

भागाबाई

*

बुऱ्हाणपूर
१६ मार्च २०२५

मोठ्याबाईंना नमस्कार.

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा फाडलं, कारण पहिल्या तिन्हींत मी फार वाईट बोलले होते आणि चौथ्यात फार रडले होते. हे पाचवं. होळी झाली, आता तोंड गोड करून लिहिते.

तुमच्या केळीवर माझा डोळा नाही. मला केळी आवडत नाहीत, लग्न होऊन आले त्या वर्षापासून आवडत नाहीत. जीवनला सांगा, निवांत झोप. वावराचा कागद तुमच्या लाल लुगड्याखाली ट्रंकेत आहे तिथंच राहू दे.

मालूबाई खरी आहे. ती माझ्या वरच्या मजल्यावर राहते, तिचा मुलगा बँकेत आहे आणि ती दुपारी साबुदाणा वडे खाते. तिला या भानगडीचा पत्ताही नाही. नाव मी तिचं वापरलं, कारण माझं लिहवेना.

आणि मी वाढायला जात नाही, मोठ्याबाई. मी जेवायला जाते.

लिहून टाकलं. आता पुढचं लिहिणं सोपं आहे. दोन वर्षं होतील. स्वप्निलचं काम मधे सुटलं होतं, नवीन लागलं ते बेताचं. तो विचारतो, "मम्मी, काही पाहिजे का?" आणि मी म्हणते, सगळं आहे. एकटीसाठी सिलिंडर पुरवून पुरवून वापरायचा, वाटीभर डाळ शिजवायची आणि ती दोन दिवस खायची, मग एक दिवस वामन मास्तर रस्त्यात भेटले. ते आमच्या स्वप्निलला गणित शिकवायचे. म्हणाले, "चला वहिनी, वरण बरं असतं, मीठ तेवढं कमी असतं." त्या दिवसापासून जाते. तिथली माणसं चांगली आहेत. ताट हातात देताना कुणी तोंडाकडं बघत नाही. तरी मी भिंतीकडंच बसते. तुम्ही धपाटा पाठवलात तो मिळाला.

तुमच्यापासून का लपवलं? कारण तुम्ही गावात सांगता की आमची मंगला शहरात राणीसारखी राहते. मला ते ऐकायला आवडायचं. निंबोल्यात तरी मी राणी होते.

वॉर्डातल्या बाबूने गावाचं नाव सांगितलं तेव्हा मला राग आला नाही असं नाही. आला. जिन्यात बसून आला. आणि त्याच संध्याकाळी कडू तुमची चिठ्ठी घेऊन आला, तीत आधार कार्ड आण म्हणून लिहिलेलं. सवडीने समजलं की अंगठा कशाला हवाय. मी येऊन अंगठा दिला असता तर माझा गहू तुमच्याकडं पुढंही चालू राहिला असता, आणि तुम्ही भरीत वाढून म्हणाला असता, मंगला, खा.

पण राग टिकत नाही हो. सगळ्यात वाईट ते आहे. मला वेगळं निघायचं नाही. मला फक्त एक एप्रिलनंतर जेवायचं आहे.

तुमची,
मंगला

*

निंबोला
२१ मार्च २०२५

मंगला,

तुझी चिठ्ठी मी कांद्याच्या वाफ्यात बसून वाचली, म्हणजे डोळ्यांना पाणी का आलं ते कुणी विचारू नये. भूमिकेने तरी विचारलंच.

मी चुकले. थोरल्या जावेला हे लिहायला किती जड जातं ते तू कधी थोरली झालीस की कळेल, म्हणजे या जन्मी नाही.

तुझा गहू आम्ही खाल्ला, खोटं कशाला बोलू. पहिल्या वर्षी मला खरंच वाटायचं की वसंतभाऊजी गेले, आज ना उद्या तू परत येशील, नाव असू द्यावं. मग सवय झाली. तुझ्या वाटच्या गव्हातला काही मी कुरडया-शेवयांना काढायची, तुला पाठवायची आणि मनाला सांगायची की बघ, तिचं तिला पोचतं. उरलेला आमच्या पोटात गेला. स्वतःची समजूत घालायला मी फार हुशार आहे.

परवा मी पंचायतीत गेले. म्हटलं, माझ्या जावेचं नाव आमच्यातून काढा. कार्डावर घरची मोठी म्हणून माझं नाव पहिलं आहे, त्यामुळं अंगठा माझाच लागतो. तिथल्या कौतिकभाऊने मशीन पुढं केलं आणि विचारलं, "कारण काय लिहू? वारली? लग्न झालं? का गाव सोडलं?" मी म्हटलं, यातलं काहीच नाही. ती शहरात राहते पण आमचीच आहे, असं लिही. तो म्हणे, "तसं कारण मशीनमधी नाही, भागाबाई."

मंगला, या कार्डावरून मी आजपर्यंत तीन नावं काढली. सासऱ्यांचं, माझ्या मालकांचं आणि वसंतभाऊजींचं. तिन्ही वेळा याच अंगठ्याने. तुझ्या नावाला माझा अंगठा पुढं होईना. मी तशीच घरी आले.

पण जीवन तुझ्या चिठ्ठीनंतर जरा शरमलेला आहे (मी त्याला वाचून दाखवली, केळीचं वाक्य दोनदा). तो कंट्रोलच्या सेल्समनला जाऊन भेटला. सेल्समन म्हणतो, नाव काढायची गरजच नाही. कार्ड इथलं असलं तरी काकू बुऱ्हाणपुरात कुठल्याही कंट्रोलवर आधार घेऊन जाऊ शकते. मुदत वाढली आहे, अंगठाही तिथंच नव्याने होतो आणि धान्यही तिथंच मिळतं. घर फुटायला नको, आणि तू उपाशी राहायला नको. हे आम्हाला चार वर्षांत कुणी सांगितलं नाही, कारण आम्ही कुणाला विचारलं नाही.

जा आणि घेऊन ये. एप्रिल लागला की लगेच जा.

स्वप्निलला खरं सांग. तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन, आणि मी स्पीकरवर सांगेन.

तुझी,
भागाबाई

*

बुऱ्हाणपूर
५ एप्रिल २०२५

मोठ्याबाई, नमस्कार, नमस्कार!

धान्य मिळालं! आणि किती मिळालं म्हणून सांगू!

तीन तारखेला सकाळी नऊलाच जाऊन रांगेत उभी राहिले. पिशवी एकच नेली होती. आधार दाखवलं, अंगठा ठेवला. दोनदा नाही लागला, तिसऱ्यांदा दुकानदाराने माझं बोट ओल्या फडक्याने पुसलं, मग लागला. मशीन बोललं. आणि त्याने मोजायला सुरुवात केली, गहू, मग आणखी गहू, मग तांदूळ. मी म्हटलं, अहो भैया, मी एकटी आहे. तो म्हणाला, "अम्मा, मशीन में जितना आया उतना दे रहा हूँ." मागं रांग ओरडत होती. मग माझ्या लक्षात आलं, एवढी वर्षं माझं मला मिळालं नव्हतं, ते सरकारने लक्षात ठेवून एकदम दिलं असणार. बघा, उशिरा का होईना, न्याय असतो.

रिक्षा करावी लागली. रिक्षावाल्याने विचारलं, घरात लग्न आहे का? मी म्हटलं, हो. माझ्या खोलीत आता पलंगाखाली गहू आहे आणि दाराआड तांदूळ आहे, मला वळायचं तर आधी विचार करावा लागतो. मालूबाई वरून डोकावून गेली, तिला वाटलं मी दुकान काढलं.

काल पोळ्या केल्या. तीन. तिसरी उरली ती मंडळ बंद म्हणून हळहळत बसलेल्या वामन मास्तरांना नेऊन दिली. त्यांनी मीठ कमी आहे म्हटलं.

स्वप्निलला सांगितलं. तो म्हणाला, "मम्मी, तू मले आधी काऊन नाही सांगितलं?" निंबोल्याचं बोलणं त्याच्या तोंडात किती वर्षांनी आलं. दिवाळीला नाही, आता मे महिन्यातच येतो म्हणतो.

तुमचे आणि जीवनचे फार उपकार.

तुमची,
मंगला

*

निंबोला
८ एप्रिल २०२५

मंगला,

बसून वाच. पलंगावर बस, खाली गहू आहेच.

तीन तारखेला जीवनच्या मोबाइलवर मेसेज आला. त्याने बघितला नाही. पाच तारखेला तो पिशव्या घेऊन कंट्रोलवर गेला तर सेल्समन म्हणतो, "तुमचं या महिन्याचं झालं." जीवन म्हणे, कसं झालं? सेल्समन म्हणे, बुऱ्हाणपुरात उचललं. सगळं. सहाही जणांचं.

सरकारने तुझ्यासाठी काही लक्षात ठेवलेलं नाही गं. ते माझं, जीवनचं, कविताचं, चंदनचं आणि भूमिकेचं धान्य आहे. त्यात तुझं तुझ्यापुरतंच. तू आपल्यापुरतं मागायचं असतं, बाकी मशीनमध्ये राहतं, ते आम्ही इथं घ्यायचं. हे सांगायचं जीवन विसरला आणि विचारायचं तू विसरलीस.

जीवन घरी आला तो लाल होऊन आला. "काकूने पुरं घर उचललं!" कविता त्याच्याकडं बघत राहिली आणि मग हसायला लागली. एवढी हसली की कंबर धरून खाली बसली. मग मी हसले. चंदन मोबाइल सोडून आला. मी जीवनला म्हटलं, चार वर्षं आपण तिचं उचललं तेव्हा तिने आरडाओरडा केला का? एक महिना तिने आपलं उचललं तर तू लाल होतोस. मग तोही हसला, जरा उशिरा.

आता तू लगेच पिशव्या बांधायला घेशील, मी तुला ओळखते. बांधू नकोस. कडूच्या दुधाच्या गाडीवर गहू पाठवलास तर मी परत पाठवीन. आमच्या कोठीत ज्वारी आहे, इथं कुणी उपाशी नाही. पुढच्या महिन्यापासून तू तुझं घे, आम्ही आमचं घेऊ. या महिन्याचं तुझ्याकडंच राहू दे.

फक्त एक मागते. मला जेवायला बोलाव. नऊ वर्षं झाली तुला बुऱ्हाणपुरात राहायला जाऊन, मी तुझ्या घरी पाण्याच्या पेल्यापलीकडं काही घेतलं नाही. मला वाटायचं थोरलीने वाढायचं असतं, धाकटीने खायचं असतं. माझ्या वाटचा गहू तुझ्याकडं आलाच आहे. रविवारी, वीस तारखेला येते. जास्त काही करू नकोस.

भागाबाई

*

बुऱ्हाणपूर
२२ एप्रिल २०२५

मोठ्याबाईंना नमस्कार.

तुम्ही परवा संध्याकाळच्या बसने नीट पोचलात असं कडूने सांगितलं. बसमध्ये तुम्ही कंडक्टरशी भांडलात हेही सांगितलं, म्हणजे तब्येत चांगली आहे.

तुमच्यासमोर मला बोलता आलं नाही. तुम्हाला ऐकू येणार नाही म्हणून नाही, मलाच शब्द सुचेनात. म्हणून लिहिते.

तुम्ही येणार म्हणून मी पहाटेपासून कामाला लागले होते. जास्त काही करू नकोस म्हणालात, तरी पाटवड्यांची आमटी केली, भात केला, कैरीचं लोणचं मालूबाईकडून उसनं आणलं. पोळ्या मात्र तुम्ही बसल्यावर गरम करायच्या ठरवल्या होत्या. शनिवारी मला झोप लागली नाही. कशाची भीती वाटत होती ते सांगू? एवढ्या दिवसांत मी स्वतःपुरतं शिजवलं होतं, दुसऱ्याला पोटभर होईल एवढं करायची सवय हाताला राहिली नव्हती. वाटलं, तुम्ही दोन घास खाल, छान आहे म्हणाल, आणि भूक नाही म्हणून हात धुवाल. माझ्यावर दया करून. तसं केलं असतंत तर मी तुम्हाला कधीच माफ केलं नसतं, मोठ्याबाई. गव्हाचं माफ केलं, ते नसतं केलं.

तुम्ही पाटावर बसलात. आमटीत तिखट कमी आहे म्हणालात. भात चिकट झालाय म्हणालात. शहरात राहून हात बिघडला म्हणालात. मी तव्यापाशी उभी राहून हे सगळं ऐकत होते आणि माझा जीव हळूहळू खाली येत होता.

आणि मग पहिली पोळी संपली. तुम्ही मान वरसुद्धा केली नाही. ताट माझ्याकडं सरकवलंत आणि म्हणालात, "मंगला, अजून एक टाक."

दोन वर्षं मी रांगेत उभी राहून ताट पुढं करते आहे. देणारे भले आहेत, त्यांना उदंड आयुष्य मिळो. पण माझ्यापुढं कुणी ताट केलं नव्हतं. ते गेले त्या दिवसापासून कुणीच नाही.

मी ती पोळी टाकली. तुम्ही ती संपवलीत आणि तिसरी मागितलीत. तेव्हा मी तुमच्याकडं पाठ करून बराच वेळ पीठ मळत होते ते एवढ्यासाठीच. पीठ मळायची काही गरज नव्हती.

तुमची,
मंगला